प्रश्नांचा कागद

मनाच्या डॉक्टरांकडे नंबर लागायचा होता. शिंपीणबाई हातातल्या कागदाची घडी कुरवाळत बसली होती. तसलाच कागद शेजारच्या बाकावर एक नवरा आपल्या बायकोसाठी भरत होता.

“स्वतःवर समाधानी आहात का? ‘नाही’ लिहितो.”

“तुम्ही आहात?”

“माझं कुठे विचारलंय? ताण आला तरी शांत राहता का?”

“परवा डबा तुम्ही आपटलात.”

“दिवसभर राबून आलो होतो. इथेही नाही. पुढच्या आयुष्याची उमेद वाटते का?”

“तुम्हाला वाटते?”

“मला वाटून कुणाचं काय अडलंय? नाही.”

“सगळंच नाही. म्हणजे मी वेडीच की.”

“मी कुठे म्हणतोय? कागद म्हणतोय. हा शेवटचा. स्वतःचे निर्णय स्वतः घेता का?”

बायकोने तोंड उघडण्याआधीच पेन चाललं.

“काय लिहिलंत?”

“‘हो’ लिहिलं. एखादं तरी उत्तर बरं दिसू दे.”

शिंपीणबाईने हातातली घडी उलगडली. तिचा कागद सुनेने घरीच भरून दिला होता. तिने तो अजून वाचला नव्हता.