मी आईवर गेलोय

...नाही, मला एवढंच सांगा, लग्न मला करायचं आहे की आमच्या बापूजींना? माणूस चंद्रावर जाऊन आला, मी आणि देवकीनं हुंडा नाही, बँड नाही असं सगळं ठरवलं, आणि तिचे वडील रुपराव काटोलहून येणार ते मला नाही, माझ्या बापाला बघायला. संत्र्याची बाग आहे त्यांची. म्हणतात, "पोराले काय पायता? आमी कलम घेतो तवा रोपटं नाही पाहत, ज्या झाडाचा डोळा काढून त्याच्यावर भरला ते झाड पायतो." मी प्राणिशास्त्राचा एम.एस्सी. माणूस, संत्र्याचं रोपटं आहे का हो?

आणि आमचं झाड कसं, तुम्हाला सांगतो... रेशनवाल्याशी वाद, कंडक्टरशी वाद, आणि वाद घालताना समोरच्याच्या सदऱ्याचं बटण चिमटीत धरून पिळतात. सीताबर्डीत माणसं त्यांना पाहून छातीवर हात ठेवतात. पण मी आईवर गेलोय. लहानपणी सगळे म्हणायचे, नाक पार्वतीबाईचं, कपाळ पार्वतीबाईचं. मिशी फुटली आणि शेजारच्या रुखमाबाई म्हणायला लागल्या, "पोरगा बापूजीसारखाच दिसून राहिला वं." दिसणारच, वयात आल्यावर जबड्याचं हाड वाढतं, त्याचा स्वभावाशी काय संबंध?

देवकीनं बजावलं होतं, "शांत मुलगा म्हणून सांगितलंय मी. तू तोंड उघडलंस तर बाबा मला त्या अमरावतीच्या इंजिनिअरला देऊन टाकतील."

म्हणून मी गप्प. रुपराव आले, काटोलचं संत्रं गोड की कळमेश्वरचं यावर बापूजींनी त्यांचं पहिलं बटण सैल केलं, मी गप्प. पोहे आले, मी मान खाली घालून पोहे खातोय. रुपराव खूश. "पोरगा मायवर गेला दिसते," म्हणाले. जिंकलो... पण गृहस्थ थांबले का? पुढे म्हणतात, "तसं पोरगं गुणी निघालं तर बापाचं, बिघडलं तर मायचं."

आता आई दारात उभी, हे असलं ऐकून घ्यायचं? म्हटलं, "माफ करा, कलमात एकच झाड उतरतं, माणसात दोन उतरतात. निम्मं आईचं, निम्मं बापाचं, आणि बिघडण्याची जबाबदारी एकट्या बाईवर टाकायची हे कुठलं शास्त्र..." बोलतोय, बोलतोय, आणि पाहतो तर रुपरावांचं दुसरं बटण माझ्या चिमटीत.

"मी आईवर गेलोय," मी म्हटलं. बटण पिळतच होतो.

रुपरावांनी टोपी उचलली. "पोरगा तर शांत वाटला होता गा."

तेव्हा आई, जी पाहुण्यांसमोर कधी बोलत नाही, ती म्हणाली, "काहून नवल करता भाऊ? मले पाहाले आले तवा ह्याचे बापूजीबी असेच मान खाली घालून पोहे खाऊन राहिले होते. आमच्या बाबाले वाटलं, गरीब पोरगा आहे."

रुपरावांनी उचललेली टोपी परत खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "आमच्या सासऱ्यालेबी तसंच वाटलं होतं. काढा तारीख."

लग्न ठरलं, तक्रार ती नाही. पण बोललो तर बापावर, आणि आता गप्प बसलो तर देवकी म्हणते, हेही बापावरच. मला सांगा, माणसानं आईवर जायचं तरी कसं?