दम घेण्यापुरता

—नाही नाही, बसा ना, कुणाची जागा नाहीये, थांबा, बाटली सरकवतो. तुमची कोणती? लाल मोज्यांची? नवीन दिसतेय. माझी ती लांब वेणीची—नात—मधल्या फळीत खेळते. नाही हो, शिक्षा नाही ही! जीव खाऊन पळायचं, शिट्टी झाली की दम घ्यायचा, छातीची धडधड जरा खाली येते न येते तोच पुन्हा पळायचं. हॉकीत असंच असतं ना—सुसाट, क्षणभर थांबणं, परत सुसाट—म्हणून सरावही तसाच. मी कॉलेजात हेच शिकवायचो, शरीर थकतं कसं, सावरतं कसं. म्हणजे शिकवायचो, मुलांना कळायचं की नाही, कोण जाणे.

तर ही दम घ्यायची वेळ—त्यात ती इथे जाळीपाशी यायची. पाणी प्यायला. पाणी तिच्याकडे असतंच, तरी यायची. "आजोबा, गोळी घेतलीत का?" विचारायची आणि मी तोंड उघडेपर्यंत निम्मी बाटली रिकामी. एकदा परीक्षेचं सांगायला लागली, वाक्य अर्ध्यावर आणि शिट्टी! उरलेलं वाक्य पुढच्या फेरीनंतर. अशा आमच्या गप्पा, तुकड्यातुकड्यांच्या. घरी? घरी नाही हो... ती आईकडे असते. माझा मुलगा आणि सून—आता सून म्हणावं की नाही तेही कळत नाही—वेगळे झाले. माझ्याशी भांडण कुणाचंच नाही. बोलावत नाही कुणी, एवढंच. सराव संपला की तिची आई बाहेरून गाडीचा हॉर्न वाजवते.

'यायची' म्हणालो ना मी? हल्ली जमत नाही तिला. त्या कोच मॅडम एकदा माझ्याकडे आल्या—"सर, तुम्ही यातले. मुली आता थकेनाशा झाल्यात, काय करू?" अहो, किती वर्षांनी कुणी काही विचारलं मला! मी लगेच—विश्रांती कमी करा. शहाणा! चूक नव्हतं ते. बहुतेक नव्हतं. घरी जाऊन पुस्तक काढून पुन्हा पाहिलं—नव्हतंच चूक. पण आता ती जाळीकडे वळेपर्यंत शिट्टी होते. मग तिथूनच स्टिक उंचावते. मी बाटली उंचावतो.

वाढवायला सांगू? सांगता येईल की. ऐकतात माझं. पण निवड तोंडावर आलीय, मोठ्या संघात जायचंय तिला, आणि माझ्या दोन शब्दांसाठी या सगळ्या पोरींना मी... पण थोडीशीच वाढवली, तर काय मोठं बिघडेल? सांगा ना. नको, तुम्ही नका सांगू. त्याच येताहेत.

—या मॅडम... हो, बघत होतो... अजून कमी? आणि माझी—मागे पडते का हो?... सगळ्यांच्या पुढे? शेवटच्या फेरीतसुद्धा?... नाही, काही नाही, विचार करत होतो. करा. करा कमी. झेपेल त्यांना.

—गेल्या. तुमच्या मुलीनं पाणी आणलेलं दिसत नाही. ही घ्या, भरलेलीच आहे. अहो, संकोच कसला, घ्या! आणि आता जरा गप्प बसा. शिट्टी होईल एवढ्यात—मला तिकडे बघू द्या.