हेमामावशींच्या दुकानाविषयी चार ओळी

मंडळी, ऐका. आज एक साधा प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. चांगलं काम करणाऱ्यानं आपल्याच तोंडानं मागावं का – 'मला चांगलं म्हणा' म्हणून? आणि त्यानं नाही मागितलं, तर म्हणायचं कुणी?

हसू नका! इथला माईक खरखरला की चार जण उठून सांगतात. नीट चालला, तर माईकवाल्याचं नाव कुणी विचारतं? – तू मान डोलावू नकोस रे बाबा, तार सांभाळ!

तर मिरजेत, दवाखान्यांच्या गल्लीत, हेमलता शेटे ब्लाउज शिवतात. सगळे त्यांना हेमामावशी म्हणतात. हात असा, की घातलेला ब्लाउज अंगावर आहे हे बाईनं विसरून जावं. पण समोर एक चकचकीत बुटीक उघडलं, आणि मावशींचं मशीन दुपार दुपार गप्प राहू लागलं. सून केतकी शिवणकाम शिकून नुकती हाताशी आली होती. तिनं मोबाईल दाखवला. म्हणाली, आई, आता लोक आधी फोनमध्ये बघतात आणि मग पायरी चढतात. समोरच्यांना रिव्ह्यूच रिव्ह्यू! आपल्याला मोजून दोन, त्यातला एक, 'दुकान सापडायला अवघड.'

आता दुकान सापडलं नाही, तर हा गृहस्थ चुकला कुठं, आणि लिहिलं कुणाबद्दल? देव जाणे!

एक माणूस फोन करून म्हणाला, हवे तेवढे रिव्ह्यू विकत देतो. मावशींनी शांतपणे विचारलं, "त्या बायकांची मापं कुणी घेतली होती?" फोन बंद झाला. मग केतकीनं काउंटरवर रिव्ह्यू लिहायचा क्यूआर कोड चिकटवला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला म्हणू लागली, ताई, दोन शब्द लिहा ना. बायका म्हणायच्या, लिहिते हं. आणि घरी जाऊन विसरायच्या. तुमच्या-माझ्यासारख्याच!

अशात जतच्या एक शिक्षिका आल्या, मालन बिराजदार. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्यांची एक छाती काढली होती. मंडळी, मान खाली घालू नका. हे दुखणं आहे, लाज नव्हे. पण बाई वर्षभर घराबाहेर पडल्या नव्हत्या. आता भाचीचं लग्न होतं. पदर गच्च धरून उभ्या राहिल्या. मावशींनी एक शब्द विचारला नाही. पडदा ओढला, माप घेतलं. आतून मऊ अस्तर लावलं, रिकाम्या बाजूला कापसाची घडी बसवली, व्रणाला टाका लागू नये म्हणून शिवण काखेकडं फिरवली. ब्लाउज घालून मालनबाई आरशापुढं उभ्या राहिल्या. हळूहळू पदरावरचा हात सुटला. मग मावशींच्या खांद्यावर डोकं टेकून त्या रडल्या. मावशी नुसत्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

निघताना केतकी सवयीनं कोड दाखवायला पुढं झाली. मावशींनी मानेनंच नको म्हटलं. बाई गेल्यावर म्हणाल्या, "अगं, तिनं काय लिहायचं? जे पदराआड झाकलंय, ते चारचौघांत मांडायचं होय?" केतकीचे डोळे भरले. तिनं तो कोडच काढून टाकला.

लग्न झालं, आणि एका सकाळी केतकीनं फोन बघितला. चार ओळी होत्या, खाली पूर्ण नाव. तिनं मोठ्यानं वाचल्या: 'माझी एक छाती काढली आहे. या मावशींनी शिवलेला ब्लाउज घालून मी भाचीच्या लग्नात पंगत वाढली. इथं कुणी काही विचारत नाही. माझ्यासारख्या बायकांनो, जा.'

मावशी आनंदल्या असतील ना? नाही मंडळी, त्या घाबरल्या! लगेच फोन लावायला सांगितला आणि म्हणाल्या, "पोरी, माझ्या दुकानापायी कशाला गं उघडं केलंस? पुसून टाक ते."

पलीकडून मालनबाई म्हणाल्या, "मावशी, मी दुकानासाठी नाही लिहिलं. तेव्हा मला असं एक नाव कुणी सांगितलं असतं, तर माझं वर्ष अंधारात गेलं नसतं."

मावशी म्हणाल्या, "मग राहू दे."

पुढं बायका येऊ लागल्या. जयसिंगपूरच्या, तासगावच्या, कुणी पार विजापूरहून. पदर धरून यायच्या, मोकळ्या हातानं जायच्या. दुसऱ्या मशीनवर केतकी बसली.

आता तुमच्याकडं वळतो. करणाऱ्यानं मागू नये, हे मावशींचं खरंच. पण म्हणून आपण गप्प बसायचं? हटता हटत नसलेला ताप उतरवणारा वैद्य, पोराला अक्षरं शिकवणाऱ्या बाई, आईला शेवटी मायेनं न्हाऊ घालणारी आया – त्यांची नावं तुम्ही पोटात ठेवून बसलात! तुम्हाला वाटतं, आभार मानायचे राहिले. अहो, आभाराचं सोडा. ते नाव कळलं नाही म्हणून आज कुणीतरी कुठंतरी दार लावून बसलंय.

देवाचं नाव घ्यायला जमलात, घेऊच. पण त्याआधी शेजारच्या माणसाकडं वळा, आणि ज्यानं तुम्हाला सावरलं त्या एकाचं नाव त्याला सांगा. सांगा, मी थांबतो.