मुकी उपासना

माझं नाव मार्था, आमी नगरकडची माणसं, वडील मिशनच्या शाळेत शिपाई व्हते अन् आमी दोघंच भावंडं, मी अन् धाकटा याकोब. मी नर्सिंग शिकले, तालुक्याच्या दवाखान्यात उभा जन्म काढला, रिटायर झाले, मालक वारले, मंग अमोल म्हणाला आई, एकटी काय करतीस तिथं, चल सिडनीला, तर आले बाई. आता तिथल्याच गिरावीन नावाच्या उपनगरात लेकाकडं असते. इथं एकटी न्हाई का, तर हाय, घर तेवढं मोठं हाय.

सकाळ झाली की सगळी पांगतात, अमोल अन् सून कामाला, नात ग्रेस युनीला, म्हंजी कॉलेजात, अन् मी खिडकीत. शेजारच्या पेंडल हिलला मेथी घ्यायला जाते तवा आपल्याकडच्या बायका भेटतात, त्यात एक कुलकर्णी वहिनी, लई मायाळू बाई, संक्रांतीला घरी येऊन तिळगूळ देतात, नाताळात मी त्यांना करंज्या देते. पण काय सांगू तुमाला, मनातलं त्यांना सांगता येत न्हाई. त्यांनी काही केलंय म्हणून न्हाई हो, पण मी सांगायला जावं अन् त्यांना वाटावं ही मलाच बोलतीय, मंग येणंजाणं पण तुटायचं. तेवढं एकच तर मराठी बोलायचं ठिकाण हाय मला.

गोष्ट अशी हाय की याकोब गावातच राहिला, अन् रविवारी त्याच्या पडवीत आमची चार घरं उपासनेला बसतात, पाळक कधीमधी येतो, एरवी याकोबच शास्त्र, म्हंजी बायबल, वाचतो. गेल्या उन्हाळ्यात काही पोरं आली, म्हणाली तुमी लोकांना बाटवता, हे बंद करा. याकोब म्हणाला बाबांनो, आमी आजापासनं ख्रिस्ती, तीच ती माणसं बसतोय, बाटवायचं कुणाला? तर त्यांनी ढोलकी फोडली, पेटी अंगणात आपटली अन् याकोबच्या कानाखाली वाजवली. मारणारा कोण, तर शेजारच्या बबनचा संतोष, ज्याच्या आईच्या बाळंतपणाला मी व्हते, ह्या हातांनी त्याला पुसून तिच्या कुशीत दिलेला. पोलीस म्हणाले तुमीच गाणंबजावणं बंद ठेवा, वाद कशाला वाढवता.

अमोलला सांगितलं तर म्हणतो आई, कुणाला बोलू नको, फेसबुकवर तर मुळीच न्हाई, मामाला तिथंच राहायचंय. याकोब पण तेच म्हणतो, आक्का, गावाचं नाव काढू नको. बरं बाबांनो, गिळते. पण गिळलेलं पचतं थोडंच?

आमच्या इथल्या चर्चमधी छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी प्रार्थना असती, दर रविवारी एक देश, मागं पडद्यावर नकाशा. एका रविवारी आपला देश आला अन् सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडं बघितलं. पास्टर पोरसवदा हाय, माझ्या लेकापेक्षा लहान, पण मला नुसतं मार्था म्हणतो, इथं तशीच रीत हाय, तर म्हणाला मार्था, तू प्रार्थना करशील का, तुझ्या भाषेत केलीस तरी नो वरीज. मी उभी राहिले, मनात म्हटलं हितं कुणाला कळतंय, अन् मंग सुटलेच. गावाचं नाव घेतलं, याकोबचं घेतलं, त्याच्या बायकोचं घेतलं, संतोषचं पण घेतलं, म्हटलं देवबापा, त्या पोराला शिक्षा करू नको, पण त्याचा हात आवर. लई रडले. सगळे आमेन म्हणाले. नंतर चहाला एक गोरी आजी जवळ आली, माझा हात धरला, म्हणाली लव्हली, किती गोड भाषा तुझी. मी थँक्यू म्हटलं. येवढ्या माणसांनी आमेन म्हटलं अन् कशाला म्हटलं ते एकालाही ठाऊक न्हाई. देवाला ठाऊक हाय म्हणा, पण एखाद्या माणसालाही ठाऊक असावं असं वाटतंच की हो.

मंग दिवाळीनंतर याकोबचा फोन आला, म्हणाला आक्का, आता बंदच करतो, गाण्याबिगर उपासना म्हंजी मयताला बसल्यागत वाटतं, लोक येईनात. मला असा राग आला. म्हटलं तुला गायला बंदी हाय ना, मला कुठं हाय, लाव फोन. तवापासनं आमचं हे चाललंय. त्यांची रविवारची सकाळ म्हंजी माझी दुपार, मी सैपाकघरात फोन उभा करते, ते दार लोटून, आवाज बारीक करून बसतात अन् मी भजन धरते. ग्रेस म्हणती आजी, टू लाऊड. मी म्हणते दार लावून घे बाई.

आमच्यात एकानं ओळ म्हणायची अन् बाकीच्यांनी उचलायची, तर मी ओळ म्हणते अन् थांबते. फोनवर त्यांचे ओठ हालताना दिसतात, आवाज न्हाई. त्यांना लागंल तेवढा वेळ मी थांबते, फ्रीज घरघरत असतो तेवढाच, मंग पुढची ओळ घेते. तिथं माणसं हायेत पण गाता येत न्हाई, इथं गायला कुणी अडवत न्हाई पण संगतीला माणूस न्हाई.

परवाच्या रविवारी मधीच फोन बंद पडला. रेंज गेली का कुणी आलं, काही कळंना, लावते तर लागंना. बंद करावं का? पण मला वाटलं मी थांबले तर तिकडं पण थांबलं असं व्हईल, म्हणून काळ्या फोनकडं बघून म्हणत राहिले, ओळ म्हणायची, थांबायचं, पुढची म्हणायची, सगळं भजन पुरं केलं. संध्याकाळी याकोबचा फोन आला, लाइट गेली, टॉवर बंद पडला व्हता म्हणाला, आमी पण पुरं केलं आक्का, ओठातल्या ओठात.

असं हाय बघा. तुमी लिहिताय तर लिहा, पण मी बोलण्याच्या नादात गावाचं नाव घेतलं, ते गाळा. माझं, याकोबचं, सगळ्यांचीच नावं बदला. अन् संतोषचं पण आठवणीनं बदला, त्याला पण तिथंच राहायचंय. देव तुमचं भलं करो, कुणीतरी हे मराठीत ऐकलं.