अमुक शर्मांची पूजा

हॅलो?… हां सरोज, बोल… कोण जेवत नाहीये? गुरुदत्त?… अगं, डायबिटीसची गोळी घेतली ना त्याने? मग उपाशी काय बसलाय, चक्कर येऊन पडेल… पूजेशिवाय जेवत नाही, माहितीये मला, माझाच भाऊ तो. मग करू दे ना पूजा… करणारच नाही? का?

कोण म्हणालं, सूनबाई?… काय विचारलं समीक्षाने?… 'बाबा, हा अमुक कोण?'… थांब, थांब. संकल्प सोडताना म्हणतो तरी काय तो?… 'अमुक गोत्र, अमुक शर्मा'?… अरे देवा. अगं, पुस्तकात अमुक छापलेलं असतं, तिथे आपलं नाव घालायचं असतं… रोज?… रिटायर झाल्यापासून रोज?… नाही गं, हसत नाहीये. ठसका लागला.

मग आता त्याचं म्हणणं काय?… पुण्य शर्माला गेलं? कुठल्या शर्माला?… तुमच्या वरच्या मजल्यावरच्या?… हो, घेतलं त्यांनी कोलशेतला टॉवरमध्ये घर, पण ते काय गुरुदत्तच्या पूजेने?… आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, असं म्हणाला? शर्मांना?… बरं बरं. दे त्याला फोन.

काय रे, अबोला देवाशी आणि ताप सरोजला?… हो, चुकलास. मग? देवाला काय तुझं घर माहीत नाही?… अरे, ऐक ना. ते पुस्तक मिट. सरळ मराठीत सांग, मी गुरुदत्त, वर्तकनगरहून बोलतोय… काय मागू म्हणजे? इतकी वर्षं काय मागत होतास?… 'अमुक कामना'. धन्य आहेस. मग देव तरी काय देणार, अमुक?… ते मी कसं सांगू? तुझ्या मनात असेल ते माग. जा आता. सरोजकडे दे फोन.

हां… बसला का?… बसला. चला, सुटले बाई… पुटपुटतोय? मग जवळ जाऊन ऐक की… काय?… गुडघा? कोणाचा गुडघा?… 'सरोजचा गुडघा बरा कर'?… आमचा गुरुदत्त म्हणाला?… म्हणजे माहितीये त्याला, तुझा गुडघा दुखतो ते?… तुला तर म्हणायचा, नाटकं करतेस… हो… हो गं… अगं, मग त्या गुडघ्यावर रडत उभी काय राहिलीस? बस खाली. आणि आज पानं त्यालाच घेऊ दे. ठेवते.