स्लॅब पडला!

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा. जी वस्तू गिऱ्हाइकाला जन्मात दिसणार नाही, ती थोडी कमी घातली तर ते पाप का? 'हो' कोण म्हणालं? मावशी, तुम्ही? अहो, परवाच्या पुरणपोळीत पुरण... राहू द्या! सूनबाई शेजारीच बसल्यात!

बरं, आपले पखवाजवाले सोपानबुवा. बुवा, पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक कमी लावली तर कुणाला दिसतं का? नाही म्हणतात. मग एवढी लावता कशाला? ऐकलंत काय म्हणाले? "महाराज, दिसत नाही, पण ऐकू येतं!" वा! गाठीशी बांधा हे.

आता ऐका. एका गावात होत्या इंदूकाकू. तीस वर्षं शाळेत खिचडी शिजवली, आणि राहिल्या कुठं? भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत! शाळेत खिचडी शिजायची, घरी काकू शिजायच्या! एकच हट्ट होता — मरायच्या आधी डोक्यावर स्वतःचा स्लॅब पाहिजे. म्हणून ठेकेदार गाठला, जालिंदर तोडमल. कपाळाला गंध दोन बोटं, तोंडात देवाचं नाव! आणि त्याचा सुपरवायझर धनंजय, साधा माणूस, बायको सातव्या महिन्यात.

सळयांची जाळी बांधायची वेळ आली तसा तोडमल धनंजयच्या कानाशी लागला.

"दर तिसरी सळई गाळ."

"साहेब, नकाशात तर—"

"नकाशा काय काकू वाचणारेत? वर सिमेंट पडलं की सळई गेली पोटात! मी चाललो बालाजीला, केस द्यायला. ऐकलं नाहीस तर दुसरीकडं काम बघ."

बघा हो! देवाला केस द्यायचे आणि काकूंची सळई घ्यायची! देव काय न्हावी आहे, नुसत्या केसांवर खूश व्हायला?

इकडं धनंजय नकाशा हातात धरून उभा! पोटापाण्याचा प्रश्न, मंडळी, हसण्यावारी नेऊ नका. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "धनंजय, पक्कं होईल ना रे?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "होय काकू!" निघालं की तोंडातून! आता? आता शब्द पाळायला नको?

स्लॅबचा दिवस उजाडला. नारळ फुटला, मिक्सर घरघरला, सगळं काम पार पडलं. धनंजयनं फोन लावला. आता या बांधकामवाल्यांची भाषा ठाऊक आहे ना? स्लॅब ओतून झाला की आनंदानं म्हणतात, "स्लॅब पडला!" तोडमलनं शंभरदा ऐकलेला शब्द! तो न्हाव्यापुढं बसलेला, अर्धं डोकं झालेलं. फोन कानाला लावतो तर—

"साहेब, स्लॅब पडला!"

धाडकन! कुठं? याच्या छातीत!

"प... पडला? सगळा?"

"सगळा! चार तासांत!"

"काकू कुठायत?"

"खालीच होत्या! दिवसभर हलल्या नाहीत!"

"अरे देवा! आणि माणसं?"

"सगळी आडवी झालीत, साहेब—"

दमून हो! दमून आडवी झाली होती! पण तेवढ्यात फोन तुटला!

उठला तसा पळाला! न्हावी मागं वस्तरा घेऊन, "अहो, अर्धं राहिलंय!" कोण ऐकतो? पुन्हा फोन लावायची छाती होईना. मिळेल त्या गाडीनं, अर्ध्या डोक्यानं, दोन दिवसांनी गावात पोचला. बघतो तर स्लॅब जागच्या जागी! आणि वर इंदूकाकू, पदर खोचून, पाइपनं पाणी मारतायत!

शिडी चढला आणि थेट पायावर लोळण!

"काकू, जिवंत आहात! माफ करा! मीच सांगितलं होतं, दर तिसरी सळई गाळ!"

काकूंच्या हातातला पाइप खाली गळला. त्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं हो!

धनंजय पुढं झाला. "काकू, घाबरू नका. एकही गाळली नाही. साहेब, तेच सांगायला फोन केला होता. नकाशाप्रमाणे घातल्यात. आता काढा मला कामावरून."

तोडमल लहान लेकरासारखा रडायला लागला. काकूंनी पाइप उचलला आणि सोडली धार, थेट त्या अर्ध्या टकलावर!

"चौदा दिवस पाणी मारायचंय. धर पाइप! रोज तू यायचंस. आणि टोपी घालायची नाही. स्वतःलाही नाही, मलाही नाही!"

चौदा दिवस, मंडळी! अर्धं डोकं चकचकीत, अर्ध्यावर झुलपं! सगळं गाव बघायला! धनंजयला काढलं का? छे! पुढच्या कामाला तोडमलच म्हणाला, "नकाशा तूच धर, बाबा."

हसलात ना पोटभर? आता माझ्याकडं बघा. शब्द एकच होता. धनंजयला त्यात नारळ फुटलेला ऐकू येत होता, तोडमलला मढी दिसली. तुम्ही कुणी शिवता, कुणी शिकवता, कुणी दूध घालता. उद्या तुमच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "अहो, तुम्ही दिलेलं ते..." आणि एवढ्यावरच तुटला, तर काळजात काय होईल? ज्याचं काळीज हलणार नाही, त्यानं टाळ उचलावा!

...काय हो? कुणीच टाळ उचलेना?

सोपानबुवा, तुम्ही तरी वाजवा. तुमची कणीक पुरती आहे!