पऱ्हाटीच्या कांड्या

गोष्ट २००७ सालची, कापसाला भाव नव्हता तेव्हाची. पद्मजाबाईंनी केळापूरजवळ कारखाना काढून दोन हंगाम झाले होते. कापूस वेचल्यावर उरलेल्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, तिथे दाबून कांड्या होत, आणि त्या दगडी कोळशाऐवजी बॉयलरमध्ये जळत. एके दिवशी पद्मजाबाई दवाखान्यात नंबर लावून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"काहून वो पुष्पा, हाताले काय झालं?"

"झाडावरून पडली, नंदाबाई."

"या वयात झाडावर? चिंचा चोरून राह्यलती का?"

"चुलीले लाकूड पायजे ना. वाळलेलं सरलं, आता ओला धावडाच तोडतो आम्ही."

"अन् वावरातल्या पऱ्हाट्या?"

"कारखान्याची गाडी झाडून नेते."

"देऊ नोको म्हनाव."

"वावराचा मालक देते. मले कोन इचारते? उद्घाटनाले थे बाईसाहेब म्हने, आता झाडं वाचतीन."

"मंग? वाचली?"

"आमची टेकडी पाह्य जाऊन. बोडखी झाली."

पद्मजाबाईंच्या हातातला केसपेपर खाली पडला. नंदाबाईंनी तो उचलून दिला.

"घ्या बाई. घाबरल्या कायले? डॉक्टर चांगला हाय."

"किती घरांत ओलं लाकूड जळतं?"

"साऱ्याच. तुमी कोन?"

"तीच बाईसाहेब."

पुढच्या हंगामापासून गाडी प्रत्येक घराच्या चुलीपुरत्या पऱ्हाट्या मागे ठेवू लागली आणि कारखान्यातली पऱ्हाट्यांची तूट कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या कचऱ्याने भरून निघाली. नंदाबाई आता नाहीत. टेकडीवर धावडा पुन्हा फुटला. पुष्पाचा हात मात्र वाकडाच जुळला, आणि पद्मजाबाईंनी त्यानंतर कुठल्याही समारंभात भाषण केलं नाही.